अकरावं नाव

१

आमचा शनिवार तीस वर्षं एकाच साच्यातला होता. सकाळी मी पावाला लोणी लावायचं, आत हॅम आणि मोहरीची तिखट चटणी भरायची, थर्मासमध्ये चहा ओतायचा. आणि माझ्या नवऱ्याने, क्लिफर्डने, नकाशा टेबलभर असा पसरायचा की माझी बशी ठेवायलाही जागा उरू नये. मग गाडी काढून कुठल्या तरी अशा गावी जायचं, जिथला फुटबॉल संघ तिथल्या खाटकालासुद्धा धड माहीत नसतो.

लहानसहान क्लबांची मैदानं बघत हिंडायचं, ही त्याची हौस. आमच्या डरहॅम परगण्यात असे शंभरेक नमुने तरी असतील, आणि त्यांच्या बायका माझ्यासारख्याच गाडीत बसून विणकाम करत असतील. नियम मात्र कडक. सामना पूर्ण नव्वद मिनिटं बघायचा, नाहीतर ते मैदान मोजायचं नाही. एकदा गारांचा मारा चालला होता, टोपीवर ताडताड गारा आदळत होत्या, तरी हा पठ्ठ्या दोरीपाशी उभा. मी चहाच्या टपरीत. एवढ्या वर्षांत अशा टपऱ्यांत बसून मी काय काय ऐकलंय म्हणून सांगू! कुठल्या चिटणीसाने कुठल्या खेळाडूचा फॉर्म भरला नाही, कुणाचे गुण कापले, कुणी कुणाचा माणूस पळवला. क्लिफला गोलांची संख्या पाठ, मला भांडणं.

बंद पडलेले क्लब हे त्याचं दुसरं वेड. जुन्या वर्तमानपत्रांतून त्यांचा माग काढायचा, मैदान कुठे होतं ते शोधायचं आणि बरोबर मध्यभागी मिनिटभर टोपी काढून उभं राहायचं. एकदा तो मध्यभाग सुपरमार्केटात निघाला, गोठवलेल्या वाटाण्यांच्या पेटीपाशी. हा तिथे डोकं खाली घालून उभा राहिला आणि मी या गृहस्थाला ओळखतच नाही असं दाखवत मासे निवडत होते.

हसायला येतं, पण त्यामागचं दुखणं मला ठाऊक होतं. सतराव्या वर्षी त्याला एका बऱ्या क्लबाने घेतलं होतं, बारावा माणूस म्हणून. त्या काळी बदली खेळाडू नसत. कुणी आलंच नाही तर बाराव्याने उतरायचं. डावखुऱ्या पायाचा हा पोरगा अख्खा हंगाम बूट घेऊन संघाबरोबर हिंडला, आणि मेल्यांना कुणाला साधी सर्दीसुद्धा झाली नाही! पुढच्या वर्षी त्याला काढून टाकलं. खरा सामना तो आयुष्यात एकही खेळला नाही. आणि आता पासष्टाव्या वर्षी, दोन वर्षांपूर्वी छाती उघडून हृदयाची दुरुस्ती करून घेतलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, चाला हवं तेवढं, पण धावायचं नाव काढू नका. तेव्हापासून गाडी मी चालवत होते आणि त्याच्यावर नजरही मीच ठेवत होते. तो मला हवा होता, एवढं साधं होतं.

२

नोव्हेंबरात त्याला ग्रंथालयात थ्रॅक्लीचं कात्रण सापडलं. थ्रॅक्ली म्हणजे खाणकामगारांचा क्लब, खाण बंद होऊनही जमाना झाला. कात्रण चार ओळींचं. शेवटची ओळ अशी: थ्रॅक्लीचे दहाच खेळाडू हजर राहिल्याने सामना होऊ शकला नाही. त्यानंतर त्या क्लबाचं नाव पेपरात कुठेच नाही.

"दहा जणांनी खेळायचं ना मग," मी म्हटलं. "नियमात बसतं की."

"बसतं," क्लिफ म्हणाला. "म्हणूनच तर बघायला जायचंय."

भाजीच्या वाफ्यांमागून एक कच्चा रस्ता जातो, त्याच्या टोकाला गंजलेलं फाटक. दुपारचे दीड वाजले होते, पण आभाळ असं दाटलेलं की गाडीचे दिवे लावावे लागले. क्लिफ फाटकातून आत गेला. मी विणकाम काढलं.

थोड्या वेळाने मला आवाज ऐकू आला. फुटबॉलचे बूट घालून माणसं सिमेंटवरून चालली की खाली लावलेल्या खुंट्यांचा जो खडखडाट होतो, तो. तीस वर्षं मी तो दर शनिवारी ऐकलाय, त्यात माझी चूक व्हायची नाही. पुष्कळ पाय होते, सावकाश चालत होते. आणि मग गवत लागलं की आवाज जसा बंद पडतो, तसा पडला.

मी मनाशी म्हटलं, पोरं जमली असतील रविवारच्या सरावाला. मग आठवलं, आज शनिवार आहे. बरं, शनिवारच्या सरावाला. विणकाम बाजूला ठेवलं आणि उतरले.

मैदानात क्लिफ एकटाच होता. गुडघाभर गवत असेल असं मला वाटलं होतं, पण गवत बारीक कापलेलं होतं आणि फक्कीच्या रेषा ताज्या, पांढऱ्याफेक. मी वाकून बोट लावलं तर चुना ओला.

"कुणीतरी वापरत असणार," क्लिफ म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते.

"कोण वापरतंय? रस्त्यावर टायरची एक खूण नाही."

"चालत येत असतील, मॅव्हिस. जगात सगळ्यांच्या बायका गाड्या चालवत नाहीत."

३

कपडे बदलायची खोली कोपऱ्यात होती, विटांची, पत्र्याच्या छपराची. दार नुसतं लोटलेलं. आत शिरताच मला मालिशच्या तेलाचा वास आला, तो उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा वास. बंद खोलीला असावा तसा कुबट वास अजिबात नव्हता. भिंतीला अकरा खुंट्या होत्या. दहांवर साधे कोट आणि टोप्या टांगलेल्या, अकरावी रिकामी.

"चल, निघूया," मी म्हटलं. "लोकांचे कपडे आहेत. आपल्याला चोर समजतील."

क्लिफ फळ्यापुढे उभा होता. फळ्यावर संघाचा कागद टाचलेला, शाईने लिहिलेला, वळणदार अक्षरात. एकापासून दहापर्यंत नावं. अकराव्या आकड्यापुढे कोरी जागा. अकरा नंबर म्हणजे डाव्या टोकाचा खेळाडू, क्लिफची जागा.

"शाई बघ," तो हळूच म्हणाला.

मी अंगठा लावला आणि दहावं नाव फरफटलं. अंगठा निळा झाला.

त्या क्षणी मी दाराकडे सरकले, खोटं कशाला सांगू. तरी माझं डोकं उत्तरं शोधत राहिलं. हौशी लोकांनी जुना सामना पुन्हा भरवला असेल. जुने कोट घालून फोटो काढायची टूम असते हल्ली. पण मग ती माणसं कुठे होती? आम्ही मैदानातून चालत आलो होतो आणि मैदान रिकामं होतं. कोट इथे, माणसं नाहीत, आणि आत्ताच तर मी बूट वाजताना ऐकले होते.

क्लिफची बाही धरून मी त्याला बाहेर काढलं. त्या दिवशी तो मध्यभागी टोपी काढून उभा राहिला नाही. ते घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं. मेलेल्या क्लबासाठी करायचं ते त्याने इथे केलंच नव्हतं.

४

सोमवारी माळ्यावरून धूळ पडायला लागली. जिन्यापाशी जाऊन बघते तर हा शिडीवर.

"काय उकरतोयस?"

"काही नाही गं. जुने बूट."

सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचे ते बूट, घोट्याच्या वर येणारे, लाकडासारखे कडक झालेले. त्याने वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यांना चरबी चोळायला बसला. मंगळवारीही चोळत होता. बुधवारी त्याने नव्या नाड्या आणल्या.

"संग्रहालयाला देणार आहेस का?" मी विचारलं.

"चामडं वाळलंय म्हणून."

"आणि नाड्या वाळल्या होत्या?"

तो हसला नाही. माझ्या टोमण्याला क्लिफ हसला नाही असं कधी होत नाही. मी गुरुवारपासून गाडीची किल्ली एप्रनच्या खिशात ठेवायला लागले. कसली हुशार मी! शनिवारी सकाळी मी लोणी लावत होते आणि हा साडेदहाच्या बसने निघूनही गेला. थर्मास ओट्यावर तसाच. बूट नव्हते.

मी एप्रनवर कोट चढवला आणि गाडी काढली. वाटेत दोनदा लाल दिवा तोडला. त्याआधी आयुष्यात मी कधी दिवा तोडला नव्हता.

५

धुकं मैदानावर उतरलं होतं. क्लिफ खोलीच्या पायरीवर बसून नाड्या बांधत होता. पांढरे केस, उघडी पोटरी, अंगात कुणाची तरी तपकिरी, जाड लोकरीची जर्सी. त्याच्यापुढे एक माणूस उभा होता, लांब कोट, सपाट टोपी, हातात कागद आणि पेन. तो कागदाकडेच बघत होता. मी तिथे होते तेवढा वेळ त्याने मान वर केली नाही.

मैदानाच्या रेषेवर दहा जण आमच्याकडे पाठ करून ओळीत उभे होते. थंडीत उभं राहिल्यावर माणसं पाय आपटतात तसे पाय आपटत होते. पलीकडच्या बाजूला कुणीच नव्हतं. प्रतिस्पर्धी नाहीत, पंच नाही. हे कुणाशी खेळणार होते?

"आडनाव कसं लिहायचं?" टोपीवाल्याने क्लिफला विचारलं. आवाज अगदी साधा, कामातल्या माणसाचा.

"क्लिफ, ऊठ," मी म्हटलं.

"मॅव्हिस, तू गाडीत बस. नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"ऊठ म्हणते ना!"

"त्यांना एकजण कमी पडतोय," तो म्हणाला, आणि सरळ माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळत होतं. समोर कोण आहेत हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं.

पेन कागदाला टेकलं. मला ओरडायचं होतं, रडायचं होतं, त्या माणसाला ढकलायचं होतं. पण तीस वर्षं टपरीत बसलेल्या बाईच्या तोंडून भलतंच निघालं.

"तुम्ही याला खेळवू शकत नाही. याची नोंदणी आमच्याकडे आहे."

पेन थांबलं. "कुणाकडे, बाई?"

"आमच्या गार्सबी गावाचा क्लब. फॉर्म भरलाय. दुसऱ्या क्लबाचा माणूस खेळवलात तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको."

रेषेवरचं पाय आपटणं बंद झालं. दहापैकी एकाने मान वळवायला सुरुवात केली आणि मी झटकन डोळे खाली घातले. तो चेहरा मी पाहिलेला नाही, आणि पाहायचाही नव्हता.

"आधी सांगायला हवं होतं," टोपीवाला क्लिफला म्हणाला. रागावला नव्हता, जरा खट्टू झाला होता. "मग तुमच्या क्लबाला रीतसर सात दिवसांची नोटीस द्यावी लागेल. पुढच्या शनिवारी येतो विचारायला." त्याने कागदाची घडी घातली.

मी क्लिफला बुटांसकट ओढत गाडीकडे नेलं. जर्सी वाटेत त्याच्या अंगावरून काढून फाटकावर टाकली. ती ओली होती आणि आतून थंडगार.

गाडीत तो माझ्यावर उखडला. "खोटं का बोललीस?"

"मी घाबरले होते! तू जाणार होतास आणि परत येणार नव्हतास!"

त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. "माहीत होतं मला," तो म्हणाला. "पण त्यांनी मला विचारलं गं, मॅव्हिस. मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

६

ईनिड ही आमच्या गार्सबी क्लबाची चिटणीस, माझी शाळेपासूनची मैत्रीण. नियमांच्या बाबतीत एवढी खडूस की एकदा स्वतःच्या भाच्याचा फॉर्म अपुरा म्हणून तिने त्याला अंतिम सामन्याला घरी बसवलं होतं. मी क्लिफला घेऊन थेट तिच्या दारात.

"क्लिफची नोंदणी कर. आत्ता."

"पासष्ट वर्षांचा माणूस? शिवलेल्या छातीचा? तू शेरी प्यायलीयेस का?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. मग चष्मा लावला, फॉर्म काढला आणि क्लिफला सही करायला लावली.

"तारीख कालची घाल," मी म्हटलं.

"तारीख आजची पडेल. मी खोटी तारीख घालत नाही, जिवंतांसाठीही नाही आणि इतरांसाठीही नाही. फॉर्मात वेळेचा रकाना नसतो, हे तुझं नशीब."

रविवारी सकाळी तिचा फोन आला. रविवारी टपाल येत नाही, पण तिच्या दारातल्या पायपुसण्यावर एक पाकीट होतं. आत थ्रॅक्लीच्या चिटणीसाची नोटीस, वळणदार अक्षरात, कालच्या तारखेची.

"चाळीस वर्षांत इतकी बिनचूक नोटीस मी पाहिली नाही," ती म्हणाली. मग तिने घाईने पुढे सांगितलं. "मॅव्हिस, ऐक. या पातळीवर क्लबाला माणूस अडवता येत नाही. सात दिवस झाले की खेळाडूची मर्जी. तो हो म्हणाला तर गेला."

म्हणजे मी फक्त सात दिवस मिळवले होते. आठवडाभर मी क्लिफला धमकावलं, चुचकारलं, त्याच्या आवडीचे खिमा-बटाटे केले. तो ऐकून घ्यायचा, माझा हात थोपटायचा आणि वचन काही द्यायचा नाही. शुक्रवारी भांडी घासताना मला एकदम कळलं की मी उगाच दाराला कड्या लावत बसलेय. त्याला हवं होतं ते जर इथे मिळालं नाही, तर ते जिथे मिळेल तिथे तो जाणारच. मी ओले हात तसेच घेऊन ईनिडला फोन लावला.

"उद्याच्या कागदावर त्याचं नाव लिही. राखीवमध्ये नुसतं बसवायला नाही. खेळवायला."

"मेला तर अहवाल मला लिहावा लागेल," ईनिड म्हणाली. मग म्हणाली, "लिहिते."

७

शनिवारी आमच्या दुसऱ्या संघाचा घरच्या मैदानावर सामना होता. डगी हा आमचा प्रशिक्षक, पेशाने नळदुरुस्तीवाला. क्लिफला राखीव खेळाडूंच्या बाकावर बघून त्याने कपाळाला हात लावला, पण ईनिडपुढे त्याचं काय चालणार? क्लिफ अंगावर पांघरूण घेऊन बसला. मी त्याच्या मागे. पहिला अर्धा गेला, चहा झाला, आम्ही चार-एकने मागे पडलो. आणि दुसऱ्या अर्ध्यात, मैदानाच्या पलीकडच्या दोरीपाशी, जिथे कधी कुणी उभं राहत नाही, तिथे मला सपाट टोपी दिसली. लांब कोट. मान खाली.

क्लिफनेही पाहिलं. त्याने पांघरूण बाजूला सारलं आणि उठला. तो कुठे निघाला होता ते मी विचारलं नाही.

"डगी!" मी अशी किंचाळले की पंचसुद्धा वळला. "घे त्याला! आत्ता घे!"

"अगं, त्याचं हृदय..."

"त्याच्या हृदयाचं मला सांगू नकोस, दोन वर्षं मीच ते सांभाळतेय! घे म्हणते ना!"

हे माझ्या तोंडचे शब्द. जिन्यावर दोन पायऱ्या एकदम चढला तर ओरडणारी मी. आणि मी माझ्या हाताने त्याचा कोट काढून घेतला. दहा मिनिटं उरलेली. डगीने हात वर केला, पंचाने मान डोलावली आणि माझा नवरा चुन्याची रेषा ओलांडून आत गेला. सतराव्या वर्षापासून त्याला आत जायचं होतं.

तो डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला. "धावायचं नाही!" मी दोरीवरून ओरडले. तो दुडकत निघाला. आठ मिनिटं चेंडू त्याच्याकडे फिरकलाही नाही. मी एकदा त्याच्याकडे बघत होते, एकदा टोपीकडे. मग आमच्या पोरांपैकी कुणीतरी चेंडू त्याच्याकडे ढकलला. क्लिफने तो थांबवला, वर बघितलं आणि डाव्या पायाने असा सणसणीत मारला की तो गोलावरून उडून सरळ काटेरी झुडपांत गेला. चाळीस-पन्नास माणसं होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रडत होते की हसत होते कोण जाणे.

शिट्टी झाली. सगळे इकडे आले, क्लिफ एकटा पलीकडे चालत गेला. मी दोरीखालून घुसले, पण ईनिडने माझा दंड पकडला. "त्याची मर्जी," ती पुटपुटली. तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

दोघं दोरीच्या दोन्ही बाजूंना उभे होते. टोपीवाल्याने कागद उलगडला, पेन काढलं. क्लिफ काहीतरी बोलला. टोपीवाल्याने हात पुढे केला. क्लिफने आपले दोन्ही हात पाठीमागे धरले आणि मान हलवली, नाही म्हणून. मग तो वळला आणि आमच्याकडे चालायला लागला. त्याच्या मागे दोरीपाशी कुणी नव्हतं.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हणालो, माझी नोंदणी इथे आहे."

"आणि तो?"

"म्हणाला, हरकत नाही, दुसरा कुणी बघतो." एवढं सांगताना त्याने एकदा मागे बघितलं, आणि मी पटकन त्याच्या खांद्यावर कोट टाकला.

त्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता, ओठ जांभळट झाले होते. मी त्याच्या छातीवर तळहात ठेवला. आत धडधड चालली होती, जोरात, पण ठोका न चुकवता. तो माझ्या खांद्यावर रेलला आणि इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती अशी गोष्ट बोलला.

"दमलो गं, मॅव्हिस. डगीला सांग, पुढच्या शनिवारी मला संघात धरू नको. मी घरी पडून राहणार."